मुंबई की पुणे : गाडी न ठेवता राहायचं असेल तर

मुंबईतलं घर विकून पुण्याला यावं का, किंवा पुण्यातली नोकरी सोडून मुंबईतली धरावी का, हा प्रश्न आमच्या नात्यागोत्यात दर थोड्या दिवसांनी कोणाला ना कोणाला पडतो. मग जागेचे भाव, पाणी, शाळा, हवा यांवर तासन्‌तास बोलणं होतं. घराबाहेर पडल्यावर पायी आणि बस-गाडीने रोज कसं जाता-येता येईल, हे मात्र फारसं कोणी विचारत नाही. ‘घेऊ की एखादी स्कूटर’ असं म्हणून तो विषय तिथेच संपतो.

ज्यांना स्कूटर घ्यायची नाही, चालवता येत नाही, किंवा वयामुळे आता चालवायची नाही, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. आमचं घर त्यातलंच. मी, बायको आणि आई; तिघांपैकी कोणीच वाहन चालवत नाही. मुलुंड पूर्वेला आमची बरीच वर्षं गेली, मधली काही वर्षं माझ्या नोकरीमुळे कोथरूडला, आणि आता पुन्हा मुलुंड. परतण्याआधी पुण्यातच कायमचं राहण्याचा पर्याय खरोखर समोर होता. ज्या घरात भाड्याने राहत होतो ते घर मालक आम्हाला विकायलाही तयार होते. तरी परतलो, आणि ते याच जाण्या-येण्याच्या मुद्द्यावरून. माझा अनुभव मुख्यतः या दोन भागांपुरता आहे; बोरिवलीत किंवा हडपसरला राहणाऱ्याला काही गोष्टी वेगळ्या दिसतील.

लोकलच्या किती लाइनी, मेट्रोच्या किती मार्गिका, हे तुम्हाला ठाऊक असेलच. त्यात शिरत नाही.

आधी दोन्ही शहरांची ठेवण, कारण बाकी बरंचसं तिच्यातून येतं. मुंबई उभी आहे. समुद्र आणि खाडी यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीवर ती वाढली आणि १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे गाडी सुरू झाल्यापासून वस्ती रुळांना धरून उत्तरेकडे सरकत गेली. म्हणून इथे कोणाचा पत्ता सांगताना आधी स्टेशन येतं, मग ईस्ट की वेस्ट, आणि त्यानंतर रस्ता. पुणे गोल आहे. मध्ये पेठा आणि तिथून बाहेर फुटलेले रस्ते : कर्वे रोड, पौड रोड, सिंहगड रोड, सातारा रोड, सोलापूर रोड, नगर रोड. कोथरूडहून गावात जायचं तर अडचण नाही, बस सरळ नेऊन सोडते. पण कोथरूडहून हडपसरला किंवा सिंहगड रोडवरून बाणेरला जायचं म्हटलं की डेक्कन, मनपा किंवा स्वारगेटला उतरून बदलणं आलं. ज्याचं काम एका त्रिज्येवर आणि घर दुसरीवर, त्याला पुण्यात बसने राहणं जड जातं. माझं ऑफिस डेक्कनच्या बाजूला होतं, त्यामुळे मला हे रोज सोसावं लागलं नाही. माझ्याबरोबर काम करणाऱ्या, हडपसरहून येणाऱ्या बाईंना मात्र लागायचं, आणि त्यांनी शेवटी स्कूटर घेतलीच.

मुंबईलाही आडवं जाणं जमत नव्हतं, हे विसरून चालणार नाही. जून २०१४ मध्ये वर्सोवा-घाटकोपर मेट्रो सुरू झाली तोवर घाटकोपरहून अंधेरीला बसने जाणं म्हणजे अख्खी दुपार घालवणं होतं. आमच्या मुलुंडहून बोरिवलीला जायचं तर आजही सरळ वाट नाही. दादरला, किंवा घाटकोपरहून मेट्रोने अंधेरीला जाऊन उलटं वर यायचं, नाहीतर घोडबंदरमार्गे रस्त्याने. पण जिथे रूळ पोचले तिथला प्रश्न खरोखर सुटला. मेट्रो ३ ऑक्टोबर २०२५ मध्ये कफ परेडपर्यंत पुरी झाली, आणि सिद्धिविनायक, वरळी, काळबादेवी अशा ठिकाणी पहिल्यांदाच दारात गाडी आली. आरेपासून कफ परेडपर्यंत ३३.५ किलोमीटर, आरेचं स्टेशन सोडलं तर सगळी जमिनीखालून. काळबादेवीच्या गर्दीत थेट वर येता येतं, हे ज्याने चर्नी रोडहून उन्हात चालत तिथवर मजल मारली आहे त्यालाच कळेल.

पुण्याच्या मेट्रोबद्दलही मी मनापासून चांगलंच बोलेन. मार्च २०२२ मध्ये वनाझ ते गरवारे कॉलेज एवढाच तुकडा चालू झाला तेव्हा कोथरूडमधली माणसं मुलाबाळांना घेऊन नुसतं बसायला जायची. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये ती रुबी हॉलपर्यंत गेली, २०२४ च्या मार्चमध्ये रामवाडीपर्यंत, आणि त्याच वर्षी सप्टेंबरअखेर भुयारातून कसबा पेठ, मंडई, स्वारगेट. मंडईचं स्टेशन हा तर पेठांवर मोठा उपकारच आहे. गणपतीत कोथरूडहून मंडईला जाणं पूर्वी अर्ध्या रस्त्यात बस सोडून चालण्यावर येऊन ठेपायचं. आता जिल्हा न्यायालयाला गाडी बदलली की झालं. बदलताना सरकत्या जिन्यांवर बराच वेळ जातो, कारण तिथलं भुयारी स्टेशन देशातल्या सर्वांत खोल स्टेशनांपैकी आहे, जमिनीखाली तीसेक मीटर. तरीही उन्हातान्हात उभं राहण्यापेक्षा ते शंभरपट बरं. हिंजवडी ते शिवाजीनगर ही तिसरी मार्गिका मी या हिशेबात धरलेली नाही, कारण आम्ही तिथे होतो तेव्हा तिचे फक्त खांब दिसत होते.

थांबण्याबद्दल थोडक्यात. मुंबईत स्लो लोकलसाठी वेळापत्रक पाहून घरातून निघणारी माणसं कमी. जिन्यावरून उतरताना इंडिकेटरकडे बघितलं की पुरतं. एक गेली तर दुसरी येते, या भरवशावर दिवस आखता येतो. पुण्यात मेट्रोला तसं करता येतं, बसला येत नाही. बस कुठवर आली हे हल्ली मोबाइलवर दिसतं, त्याने मनाची तगमग कमी झाली आहे, पण आपल्या नंबरची बस किती वेळाने येणार ते मार्गावर अवलंबून. कर्वे रोडवर बसची कमी नसायची. आडमार्गावरच्या सोसायट्यांत घर बघणाऱ्यांनी मात्र हा मुद्दा हलक्यात घेऊ नये. मुंबईतही बस आता पूर्वीसारखी राहिली नाही, हेही सांगायला हवं. बेस्टच्या स्वतःच्या मालकीच्या गाड्या वर्षागणिक कमी होत गेल्या, आणि ज्यांचं घर स्टेशनपासून लांब आहे त्यांना त्याची झळ बसते. शेअर रिक्षाची रांग तेवढी आधाराला असते.

पैशांचा फरक निर्णय बदलावा इतका मला वाटला नाही. दोन्हीकडे २०२५ मध्ये बसचं किमान भाडं ५ वरून १० रुपये झालं. पुण्याची मेट्रो १० ते ३५ रुपयांत नेते, मुंबईची मेट्रो ३ लांब असल्यामुळे ७० पर्यंत जाते. लोकलचा महिन्याचा पास काढला की मुंबई स्वस्त, यात वाद नाही. पण त्या स्वस्ताईच्या कितीतरी पट रक्कम जागेच्या भावात निघून जाते. ज्याला हिशेब मांडायचा आहे त्याने घरासकट मांडावा.

आता चालणं. इथे मला पुण्याची बाजू आधी घ्यावीशी वाटते, कारण नुसतं फिरायला म्हणून चालायचं असेल तर पुण्याला तोड नाही. कोथरूडच्या आतल्या कॉलन्यांमधून, मयूर कॉलनीपासून डहाणूकरपर्यंत, झाडांखालून चालत जाताना सकाळ कशी सरते कळत नाही. प्रभात रोडच्या गल्ल्या, भांडारकर रोड, लॉ कॉलेज रोडच्या मागची बाजू. संध्याकाळी पाचनंतर हवेत जो गारवा येतो तो मुलुंडला जानेवारीतही क्वचित मिळतो. हनुमान टेकडी आणि वेताळ टेकडी शहराच्या पोटात आहेत, घरून निघून पायी गाठता येतात. मुंबईत चाललं की अंगाला घाम येतो आणि शर्ट पाठीला चिकटतो, कामाला पोचेपर्यंत माणूस थकलेला असतो. ऑक्टोबरमध्ये मुलुंड स्टेशनपर्यंतचं चालणंही नको होतं.

आणि पुण्याच्या महापालिकेने पायी चालणाऱ्यांसाठी काहीच केलं नाही, असं कोणी म्हणत असेल तर ते खरं नाही. २०१६ मध्ये पादचाऱ्यांसाठीचं धोरण करणारी ही महापालिका आहे. जंगली महाराज रस्त्याचे फुटपाथ रुंद केले, बसायला बाक केले. आज तिथून संभाजी बागेपर्यंत म्हातारी माणसं आरामात चालत जातात. २०२१ पासून ११ डिसेंबरला लक्ष्मी रोड गाड्यांसाठी बंद ठेवून पादचारी दिन साजरा होतो. त्या दिवशी लक्ष्मी रोडवर रस्त्याच्या मधोमध चालताना जो मोकळेपणा वाटतो, तो वर्षातले उरलेले दिवसही मिळावा असं मला फार वाटतं. मुंबईत दादरच्या रानडे रोडसाठी असा एक दिवस कोणी मागितला तर मी सही करायला पहिला जाईन. मुंबईचे फुटपाथ स्टेशनच्या आसपास फेरीवाल्यांनी भरलेले असतात, आणि मेट्रोच्या कामासाठी वर्षानुवर्षं लावलेल्या पत्र्यांनी आमच्या एलबीएस रोडवर चालणाऱ्याची फार ओढाताण केली. फोर्टमधल्या जुन्या इमारतींच्या कमानींखालून ऊन-पाऊस न लागता चालता येतं, मरीन ड्राइव्ह आहे, दादरची हिंदू कॉलनी आहे, पण ही रोजची मुंबई नाही.

एवढं सगळं पुण्याच्या पारड्यात टाकूनही आम्ही परतलो. त्याचं कारण एकच : रस्ता ओलांडणं.

बसने जाणाऱ्या माणसाला दिवसातून एकदा तरी मोठा रस्ता ओलांडावाच लागतो. घर ज्या बाजूला आहे तिथून जाणारी बस मिळाली, तर येणारी बस पलीकडे सोडणार. चुकवता येत नाही. आमचं घर कर्वे रोडच्या अशा बाजूला होतं की गावात जाणारी बस अगदी गल्लीच्या तोंडाशी मिळायची. सकाळ सुखाची. संध्याकाळी येताना पलीकडे उतरायचं, आणि मग समोर आपली गल्ली दिसते आहे, वाण्याच्या दुकानाचा दिवा दिसतो आहे, पण तिथवर जायला वाट नाही.

का नाही, तेही नीट सांगतो. स्टॉप दोन चौकांच्या मध्ये असतो आणि दुभाजक तिथे बंद असतो, म्हणून एका चौकापर्यंत चालत जावं लागतं. चौकात झेब्रा असतो, सिग्नल असतो, हिरवा माणूसही पेटतो. पण समोरच्या गाड्या थांबल्या तरी वळणाऱ्या थांबत नाहीत. डावीकडे वळणाऱ्याला तर सिग्नल आपल्यासाठी आहे असं वाटतच नाही. आणि पुण्यातली रहदारी मुख्यतः दुचाकींची आहे. चारचाकी थांबली की ती वाट अडवते, तिच्यामागे सगळं थांबतं. दुचाकी थांबत नाही. ती थांबलेल्या चारचाकीच्या बगलेतून पुढे येते, आणि ती येताना ओलांडणाऱ्याला दिसत नाही. तुम्ही दोन पावलं पुढे टाकता, एक जण मागून जातो, दुसरा पुढून. सात वाजता नळस्टॉपकडून जो लोंढा येतो, त्यात खंड असा पडतच नाही. आपण हात दाखवतो, एखादा सज्जन वेग कमी करतो, त्याच्या शेजारचा करत नाही. मी धडधाकट माणूस, मला जमायचं. जमायचं म्हणजे रोज संध्याकाळी त्या काही मिनिटांत छातीत धडधड व्हायची आणि ती घरी गेल्यावरही थोडा वेळ टिकायची.

मुंबईत माणसं सिग्नल पाळतात आणि पुण्यात पाळत नाहीत, असं मला मुळीच म्हणायचं नाही. मुंबईतली चारचाकीवाली माणसंही झेब्र्यावर गाडी आणून उभी करतात. फरक पडतो तो आजूबाजूला चालणाऱ्यांच्या संख्येने. लोकल आली की एका वेळी शेकडो माणसं स्टेशनबाहेर पडतात आणि घोळक्याने रस्त्यावर उतरतात. घोळक्यापुढे बस थांबते, टॅक्सी थांबते, बाइकवालाही थांबतो. दादरला कबुतरखान्याजवळ मी कधी एकट्याने रस्ता ओलांडल्याचं आठवत नाही, कायम कोणी ना कोणी बाजूला असतं. कर्वे रोडला त्या स्टॉपवर उतरणारे आम्ही तिघे-चौघे, त्यातले दोघे लगेच गल्लीत शिरणारे. पायी चालणारी माणसं थोडी उरली की त्यांचं रस्त्यावर वजन राहत नाही, मग जे उरलेत तेही एकेक करून स्कूटर घेतात. पुण्यात हे चक्र बऱ्याच वर्षांपासून फिरतं आहे, असं माझं मत.

आणि दुसरा फरक त्याहून मोठा. स्टेशनला जाणारी आणि येणारी बाजू असा भेद नसतो. मुलुंड पूर्वेहून सीएसएमटीकडे जायचं असो वा तिकडून यायचं असो, मी नवघर रोडवरून त्याच दारातून आत जातो आणि त्याच दारातून बाहेर येतो. मधलं जे काही ओलांडणं आहे ते ब्रिजवरून, जिन्याने, गाड्यांच्या डोक्यावरून. म्हणजे रस्ता ओलांडण्याचं काम शहराने माझ्या वतीने करून ठेवलं आहे. बसवर चालणाऱ्या शहरात ते काम प्रत्येक प्रवाशाला रोज स्वतः करावं लागतं.

बीआरटीचंही, म्हणजे बससाठी रस्त्यात राखून ठेवलेल्या वेगळ्या वाटेचंही, यात दुखणं हेच. २००६ च्या शेवटी कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर देशातली पहिली बीआरटी पुण्याने सुरू केली, तेव्हा मला ती कल्पना फार पटली होती आणि आजही पटते. बसला स्वतःची वाट हवीच. पण स्टॉप रस्त्याच्या मध्यभागी नेले, त्यामुळे एरवी एकाच खेपेला रस्ता ओलांडावा लागायचा, तिथे जातानाही अर्धा आणि येतानाही अर्धा ओलांडणं आलं. तो अर्धा रस्ता सुरक्षित केला असता तर ही उत्तम व्यवस्था होती. तेवढं झालं नाही, मग माणसं नाराज, आणि नगर रोडवर तर तो मार्ग काढूनच टाकला. फार वाईट वाटलं.

हे सगळं माझ्यापुरतं असतं तर कदाचित आम्ही तिथेच राहिलो असतो. पण आई होती. मुलुंडला असताना ती दुपारच्या लोकलने एकटी दादरला जायची, बहिणीकडे, कधी फुलबाजारात, कधी शिवाजी मंदिरला नाटकाला. सत्तरी ओलांडल्यावरही. कोथरूडला आल्यावर पहिल्या वर्षी तिने हौसेने बसचे नंबर पाठ केले. तुळशीबाग, लक्ष्मी रोड, भरत नाट्य मंदिर, सगळीकडे जाऊन यायची. मग लक्षात आलं, ती परत येताना आमच्या स्टॉपवर उतरतच नाही. बसमध्ये बसून राहायची, पार वारजे माळवाडीपर्यंत जायची, आणि तिथून उलट येणारी बस पकडून घराच्या बाजूला उतरायची. दिवसाचा पास असायचा, त्यामुळे पैसे जास्त जायचे नाहीत, पण वेळ किती जायचा! काही महिने तिने हे आम्हाला सांगितलंही नाही. नंतर ती येताना रिक्षा करू लागली. रिक्षावाले पुढून वळवून आणायला कुरकुर करायचे. मग दर मंगळवारचं जाणं महिन्यावर गेलं, आणि एका पावसाळ्यानंतर ती म्हणाली, ‘तू सुट्टीच्या दिवशी नेशील तेव्हा जाईन.’

पुण्याबद्दल तिची एकही तक्रार नव्हती. हवा आवडायची, शेजार चांगला होता, भजनी मंडळ गल्लीतच होतं. फक्त तिचं स्वतःच्या मनाने बाहेर पडणं थांबलं. शहरात चांगले नाट्यगृह असून उपयोग काय, जर घरातल्या वयस्क माणसाला तिथून एकटीने परत येता येत नसेल? मला हे फार लागलं आणि अजून लागतं.

आता मुंबईची दुसरी बाजूही तेवढीच स्पष्ट सांगतो, कारण परतल्यावर सगळं गोड झालं असं नाही. जिने आहेत. सरकते जिने आणि लिफ्ट आता बऱ्याच स्टेशनांवर आहेत, पण ते नेमके आपल्या टोकाला असतील असं नाही, आणि गुडघे दुखणाऱ्या माणसाला मधला ब्रिज चढणं ही शिक्षा आहे. आई कठडा धरून, मध्ये थांबत चढते. तिला दम लागतो. पण ती घाबरत नाही, आणि तिच्या दृष्टीने हा फरक महत्त्वाचा. चढताना कोणी मागून अंगावर येत नाही, थांबायचं तेवढं थांबता येतं. ज्यांना जिना अजिबात चढता येत नाही त्यांच्यासाठी मात्र माझं हे सगळं म्हणणं उलटं होतं, आणि त्यांनी पुण्याची मेट्रो नक्की बघावी. नवीन असल्यामुळे तिथे लिफ्टची सोय सुरुवातीपासूनच आहे.

गर्दी तर आहेच. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या अरुंद ब्रिजवर चेंगराचेंगरीत २३ माणसं गेली. जून २०२५ मध्ये मुंब्र्याजवळ दारात लटकलेले प्रवासी खाली पडून मेले. लोकलचं कौतुक करताना या गोष्टी बाजूला ठेवणं मला जमत नाही. सकाळी साडेआठला मुलुंडहून चढणं हे तरुण माणसालाही सोपं नाही, आणि ज्यांना त्याच वेळेला रोज जावं लागणार आहे त्यांनी माझ्या शिफारशीतून बरंच वजा करावं. आई जाते ती अकराच्या पुढे आणि परतते चारच्या आत, तेव्हा लेडीज डब्यात बसायला मिळतं. माझं ऑफिस आता ठाण्यात, म्हणजे गर्दीच्या उलट दिशेला. हे आमचं नशीब.

पावसाळ्यात मुंबई दोन-तीन दिवस तरी बंद पडते, कुर्ला आणि सायनला पाणी भरलं की काही चालत नाही. २६ जुलै २००५ ज्यांनी पाहिला आहे, सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर, त्यांच्या मनातून ती धास्ती जात नाही. पुण्यात पाऊस बराच कमी, पण रस्त्यांचे ओढे होतात आणि तेव्हा चालणाऱ्याला फुटपाथ कुठे संपला ते दिसत नाही. रात्रीचं म्हणाल तर मुंबई निर्विवाद पुढे : रात्री एकच्या सुमारास शेवटची लोकल आणि पहाटे चारच्या आसपास पहिली. पुण्याची मेट्रो अकरापर्यंत, आणि नाटक लांबलं तर रिक्षाशिवाय गत्यंतर नाही.

मग पुणे कोणी निवडावं? माझ्या मते, ज्यांना वनाझ-रामवाडी किंवा पिंपरी-स्वारगेट या दोन मार्गिकांवरच्या एखाद्या स्टेशनपासून सहज चालत जाण्याइतक्या अंतरावर घर मिळतं आहे त्यांनी. कारण मेट्रोच्या स्टेशनाला रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी जिने आहेत. आयडियल कॉलनी किंवा आनंदनगरला उतरलं की ज्या बाजूला घर त्या बाजूला उतरायचं. मी ज्या एका त्रासामुळे शहर सोडलं तो तिथे उरतच नाही. आमचं घर कर्वे पुतळ्याच्या बाजूला नसतं, पौड रोडवर असतं, तर मी कदाचित आज मुलुंडहून लिहीत नसतो. पेठांत घर असेल तरी हरकत नाही. तिथले रस्ते अरुंद आहेत, गाड्यांना वेगच घेता येत नाही, आणि बहुतेक कामं पायी होतात. फर्ग्युसन रोड आणि जंगली महाराज रस्ता एकमार्गी आहेत, त्यामुळे त्या पट्ट्यात एका वेळी एकाच दिशेला बघावं लागतं, हाही थोडा दिलासा. ज्यांच्या घरात सगळेच धडधाकट आहेत आणि ज्यांचं काम घरापासून एकाच बसच्या अंतरावर आहे, त्यांनाही पुण्याच्या हवेसाठी हा त्रास पत्करावासा वाटेल. त्यांना मी अडवणार नाही.

बाकीच्यांना, विशेषतः घरात आई-वडील असतील आणि ते अजून स्वतःच्या पायांनी हिंडत असतील, तर मी मुंबईच सांगेन. जागा लहान मिळेल आणि स्टेशनपासून फार आत घर घेतलं तर फायदा निम्मा होईल, हे धरून.

घर बघायला दलाल सकाळी अकराला नेतो. त्या वेळी कोणताही रस्ता शांत असतो. तुम्ही संध्याकाळी सात वाजता पुन्हा जा. वाहन घेऊन जाऊ नका, बसने जा, आणि घरातल्या सर्वांत वयस्क माणसाला बरोबर घ्या. परतीच्या बाजूच्या स्टॉपवर उतरा, आणि तिथून त्या घराच्या फाटकापर्यंत त्यांना पुढे चालू द्या.